अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची यादी लागत नाही

सांगलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिसेंबरात त्याने अमेरिकेतल्या सात सरकारी विद्यापीठांत एमएससाठी अर्ज केले. आता मार्चचा दुसरा आठवडा चालू आहे. एका ठिकाणाहून ॲडमिट आला, एका ठिकाणाहून रिजेक्ट, आणि उरलेल्या पाच पोर्टलवर महिनाभर 'अंडर रिव्ह्यू' एवढंच दिसतंय. त्या पाचांतल्याच एका विद्यापीठात त्याच्या वर्गातल्या, कमी सीजीपीएच्या मुलाला प्रवेश मिळाला. ज्यांनी होकार दिला त्यांनी १ एप्रिलपर्यंत डिपॉझिट भरायला सांगितलंय. निकाल नक्की कधी लागतात, आपण फोन केला तर चालतो का, आणि कन्सल्टंट 'फॉलो-अप'चे वेगळे पैसे मागतोय ते द्यावेत का, असं त्यांनी विचारलंय. शेवटी बारावीला जाणाऱ्या धाकट्या मुलीच्या तिथल्या पदवी प्रवेशाबद्दलही एक ओळ आहे.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, इंजिनिअरिंगच्या एका विभागात, ग्रॅज्युएट, म्हणजे आपल्या भाषेत पदव्युत्तर, प्रवेशाचं काम बरीच वर्षं केलं. त्यामुळे आधी कन्सल्टंटचं सांगून टाकते: एक रुपयाही देऊ नका. त्याच्या मेलला आमच्याकडून उत्तरच जात नसे. अर्जदाराने स्वतःच्या, अर्जात दिलेल्या पत्त्यावरून लिहिलं तरच उत्तर द्यायचं, असा आमचा नियम होता आणि बहुतेक ठिकाणी तो असतोच. नियम तुम्हालाही लागू आहे. वडील म्हणून तुम्ही फोन केलात तर समोरची व्यक्ती गोड बोलेल, 'मुलालाच मेल करायला सांगा' म्हणेल आणि फोन ठेवेल. यात उद्धटपणा नाही. एकवीस वर्षांच्या अर्जदाराची माहिती त्याच्याखेरीज कुणालाही द्यायची नाही, अशी तिथली पद्धत आहे.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे कॅप राउंडची सवय असते. सीईटी सेल वेळापत्रक लावतं, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग पहिली फेरी. एका दिवशी सगळ्यांना एकदम कळतं आणि कुणाला किती पर्सेंटाइलला काय मिळालं हे उघड असतं. अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट प्रवेशात यातलं काहीच नाही. यादी नाही, रँक नाही, कट-ऑफ नाही, आणि बहुतेक विभागांत ठरलेली एक तारीखही नाही. सरकारी विद्यापीठ म्हटलं की आपण कॅपसारखं काहीतरी असेल असं धरून चालतो. तिथे सरकारी याचा अर्थ राज्याने स्थापन केलेलं आणि काही अंशी राज्याच्या पैशावर चालणारं, एवढाच. कुणाला घ्यायचं हे विभाग ठरवतो.

विभाग ठरवतो हे मात्र अर्धंच खरं, आणि तुमच्या पाच 'अंडर रिव्ह्यू'पैकी एखाद-दोनांचं उत्तर बहुधा इथे आहे. अर्ज दोन टेबलांवरून जातो. पहिलं टेबल विभागाच्या प्रवेश समितीचं. मोजके प्राध्यापक, स्वतःचं शिकवणं आणि संशोधन सांभाळून, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत फायली वाचतात. एसओपी म्हणजे अर्जदाराने स्वतःबद्दल लिहिलेला निबंध, तीन एलओआर म्हणजे शिफारसपत्रं, आणि तोवरच्या सेमिस्टरच्या मार्कशीट. समिती जे ठरवते ती फक्त शिफारस असते. दुसरं टेबल ग्रॅज्युएट स्कूलचं, म्हणजे सगळ्या विभागांच्या वर बसलेल्या कार्यालयाचं. मिशिगन विद्यापीठात त्याला रॅकहॅम म्हणतात, बर्कलीत ग्रॅज्युएट डिव्हिजन. तिथे तुमच्या मुलाची हुशारी कुणी तपासत नाही. पदवी मान्यताप्राप्त संस्थेची आहे का, सरासरी किमान अटीत बसते का, टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला आकडा पुरेसा आहे का, हे पाहतात. तीन वर्षांच्या बीएस्सी किंवा बीकॉमवर अर्ज करणारे इथे अडकतात, कारण काही विद्यापीठं चार वर्षांची पदवीच धरतात. तुमच्या मुलाचं बीई किंवा बीटेक असल्याने ती काळजी नाही.

या दोन टेबलांमध्ये फाईल कधी दोन दिवस राहते, कधी तीन आठवडे. त्या काळात विभागाचा एखादा प्राध्यापक उत्साहाने मेल करतो: आम्ही तुझी शिफारस केली आहे, अधिकृत पत्र ग्रॅज्युएट स्कूलकडून येईल. हा मेल आला तर आनंद जरूर करा, पण त्याला प्रवेश समजू नका. बँक त्यावर कर्ज मंजूर करणार नाही आणि आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र, तेही निघणार नाही. शिफारस झाल्यावर वरून नकार येणं क्वचितच घडतं, पण घडतं.

पत्र कुठे येतं? पोर्टलवर. पोस्टाने जाडजूड पाकीट येण्याचा जमाना गेला, आणि मेलमध्येही निकाल सहसा नसतो. मेलमध्ये एवढंच असतं की तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, लॉगिन करून पाहा. होकाराला आणि नकाराला मजकूर तोच. हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण एकगठ्ठा मेलमध्ये चूक झाली तर ती निस्तरता येत नाही. २००९ च्या मार्चमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन डिएगोने पदवीच्या प्रवेशासाठी नाकारलेल्या सुमारे २८ हजार अर्जदारांना अभिनंदनाचा मेल पाठवला होता. काही वेळातच माफीचा मेल गेला. तोवर कित्येक घरांत पेढे वाटून झाले असतील. तेव्हा निकाल म्हणजे पोर्टलवरचं पत्र, बाकी सगळी वर्दी.

वेगवेगळ्या विद्यापीठांत पोर्टलची नावं वेगवेगळी. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मायस्टेटस, वॉशिंग्टन विद्यापीठात मायग्रॅड. स्टेटसचे शब्दही वेगळे, आणि त्यांचा कीस काढत बसू नका. 'अंडर रिव्ह्यू'चं 'रेफर्ड टू डिपार्टमेंट' झालं म्हणून मुलं व्हॉट्सॲपवर चर्चासत्रं भरवतात. आमच्याकडे ते शब्द बहुतांशी सिस्टीम आपोआप बदलायची. समितीने फाईल उघडली की नाही याचा त्याच्याशी संबंध नसायचा.

वेळेचं एक लक्षात ठेवा. तिथली कार्यालयं पत्रं बहुधा दुपारनंतर सोडतात आणि शुक्रवार त्यांच्या फार आवडीचा, कारण नंतर दोन दिवस फोन उचलावे लागत नाहीत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात. त्यानंतर कॅलिफोर्नियात शुक्रवारचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा सांगलीत शनिवारचे पहाटेचे साडेपाच असतात. म्हणजे रात्रभर जागून काही पदरात पडत नाही. सकाळी उठल्यावर एकदा पोर्टल पाहिलं की त्या दिवसाचं झालं. मेल मात्र स्पॅममध्येही पाहायला सांगा. अर्जात कॉलेजने दिलेला मेल आयडी टाकला असेल तर तो आजच बदलून घ्या. पदवी मिळाली की कॉलेजं ते खातं बंद करतात, आणि नेमकी आय-ट्वेंटीची पत्रं त्याच सुमारास येतात.

आता त्या वर्गमित्राकडे वळू, कारण तुमच्या मनात खरं तेच खुपतंय. निर्णय एका दमात होत नाहीत, लाटा येतात. या लाटा कशावर ठरतात हे कळलं की बराचसा घोर कमी होतो.

पहिली लाट पैशाची. ज्यांना टीए (शिकवण्यातली मदतनिशी), आरए (संशोधनातली मदतनिशी) किंवा फेलोशिप द्यायची ते बहुतेक पीएचडीचे अर्जदार आणि मूठभर एमएसवाले. त्यांना जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत पत्रं जातात, कारण त्यांच्यावर सगळ्या विद्यापीठांची नजर असते. इथे १५ एप्रिल ही तारीख येते. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेचा एक ठराव आहे आणि शेकडो विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे. आर्थिक मदतीसह दिलेल्या जागेला उत्तर देण्याची सक्ती १५ एप्रिलच्या आधी करायची नाही, आणि कुणी आधीच होकार दिला असला तरी १५ एप्रिलपर्यंत तो लेखी मागे घेऊ शकतो. परिणाम असा की चांगली मुलं चार-चार ऑफर हातात धरून एप्रिलपर्यंत बसतात. विभागाला आपल्या टीएच्या जागा भरल्या की रिकाम्या राहिल्या हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कळत नाही. मग शेवटच्या तीन-चार दिवसांत जी धावपळ होते ती मी जवळून पाहिली आहे. १३ तारखेला कुणी नाही म्हणतो, १४ ला पुढच्याला मेल, त्याने चोवीस तासांत उत्तर द्यायचं, तो नाही म्हणाला तर त्याच्या पुढच्याला. दिवसभर संगणकासमोर बसून मी एका यादीतली नावं खाली सरकवत असे.

हो, यादी असते. बाहेर लागत नाही एवढंच. प्रतीक्षा यादीत असल्याचं काही विभाग अर्जदाराला सांगतात, बरेच सांगत नाहीत. ज्यांना निश्चित नकार द्यायचा त्यांनाही विभाग लवकर कळवत नाहीत. पहिल्या लाटेतले किती येतात याचा अंदाज चुकला तर होकार आणि नकार यांच्या मधल्या गठ्ठ्यातून नावं काढावी लागतात, म्हणून तो गठ्ठा 'अंडर रिव्ह्यू'त ठेवलेला असतो. म्हणजे मार्चच्या मध्याला पोर्टल गप्प असेल तर तीन शक्यता: फाईल अजून वाचली नाही, मुलगा मधल्या गठ्ठ्यात आहे, किंवा नकार ठरलाय पण सोडलेला नाही. बाहेरून हे ओळखायची कोणतीही सोय नाही. जो ओळखून दाखवतो म्हणेल त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दुसरी लाट स्वखर्चाने शिकणाऱ्या एमएसवाल्यांची, आणि तुमचा मुलगा बहुधा हिच्यातच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा मुख्य काळ, काही विभाग मेपर्यंत रेंगाळतात. इथे विद्यापीठागणिक चाल बदलते. डॅलसचं टेक्सास विद्यापीठ किंवा ॲरिझोना स्टेट, जिथे आपली पुष्कळ मुलं जातात, तिथे बऱ्याच मास्टर्स कोर्सना अर्ज पूर्ण होईल तसा निर्णय होतो. त्यामुळे ज्याची फाईल आधी पूर्ण झाली त्याला आधी कळतं. सीजीपीएचा इथे संबंध येत नाही. इतर ठिकाणी समिती सगळे अर्ज एकत्र वाचते, पण एकाच विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सची समिती वेगळी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची वेगळी, डेटा सायन्सची तिसरीच. तो वर्गमित्र नेमक्या कोणत्या कोर्सला गेला हे विचारा. नाव सारखं वाटतं आणि कोर्स भलताच निघतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

'फाईल पूर्ण' हा प्रकार जरा नीट पाहू, कारण पालकांना काही करता येण्यासारखं इथेच आहे. सबमिटचं बटण दाबलं, फी भरली, म्हणजे अर्ज पूर्ण झाला असं नाही. जीआरई आणि टोफेल या परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेकडून अधिकृत स्कोअर यायला हवा आणि तो मुलाच्या अर्जाला जुळायला हवा. जुळणी नाव आणि जन्मतारखेवरून होते, आणि आपल्या नावांनी अमेरिकन सिस्टीमच्या नाकी नऊ येतात. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. जीआरई किंवा टोफेलला नोंदणी करताना मुलाने तिसराच प्रकार लिहिलेला. मग स्कोअर येऊन पडतो, पण कुणाच्याच फायलीला लागत नाही. आमच्याकडे अशा बेवारस स्कोअरची दरवर्षी यादी निघायची आणि तिच्यात महाराष्ट्रातली आणि दक्षिणेतली नावं सर्वांत जास्त. पोर्टलवर चेकलिस्ट असते. तिच्यात स्कोअरसमोर 'रिसीव्हड' नसेल तर मुलाने ईटीएसची पावती आणि पासपोर्टचं पान जोडून मेल करावा. दोन दिवसांचं काम.

दुसरं भोक एलओआरचं. तीनपैकी एका सरांनी पत्र अपलोडच केलेलं नसतं. विद्यापीठाकडून आलेली लिंक त्यांच्या मेलच्या ढिगात कुठेतरी गाडली गेलेली असते आणि मुलगा संकोचापायी पुन्हा विचारत नाही. चेकलिस्टमध्ये हेही दिसतं. तीन पत्रं आली नसतील तर काही समित्या फाईल उघडतच नाहीत. मुलाला म्हणावं, आजच सरांना जाऊन भेट.

फोनऐवजी मेल करायचा तर एकदाच, विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला, चार ओळींचा. अर्जाचा आयडी, कोर्सचं पूर्ण नाव, कोणत्या सत्रासाठी, आणि एकच प्रश्न: दुसऱ्या विद्यापीठाला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तोपर्यंत माझ्या अर्जावर निर्णय अपेक्षित आहे का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर मिळतं. मी स्वतः असे मेल समितीच्या अध्यक्षांपुढे ठेवत असे आणि मधल्या गठ्ठ्यातल्या एखाद्याचा निर्णय त्यामुळे आठवडाभर आधी व्हायचा. 'काइंडली अपडेट द स्टेटस' असा दर तीन दिवसांनी येणारा मेल मात्र न वाचताच बाजूला जातो. प्राध्यापकांना, डीनना, ग्रॅज्युएट स्कूलला एकाच वेळी लिहू नये. सगळे मेल फिरून कोऑर्डिनेटरकडेच येतात, आणि तिला ते आवडत नाही.

आता १ एप्रिलचं डिपॉझिट. १५ एप्रिलचा ठराव इथे लागू होईल असं बरेच जण समजतात. होत नाही. तो आर्थिक मदतीच्या ऑफरपुरता आहे. स्वखर्चाच्या एमएसला विभाग हवी ती तारीख लावू शकतो. तरीही मुलाने त्या विद्यापीठाला मुदतवाढ मागावी, १५ किंवा २० एप्रिलपर्यंत. मागितली तर पुष्कळदा मिळते, आणि मागितली म्हणून कुणी प्रवेश काढून घेत नाही. नाहीच मिळाली, आणि ते विद्यापीठ मुलाला खरोखर चालण्यासारखं असेल, तर माझं मत भरून टाका असं आहे. रक्कम साधारण काही शे डॉलर असते आणि सहसा परत मिळत नाही, हे कबूल. पण पाच 'अंडर रिव्ह्यू'च्या भरवशावर हातातली जागा सोडणं मला पटत नाही. दोन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मात्र ऐकू नका. एकाला होकार देऊन नंतर दुसरं चांगलं आलं तर पहिल्याला लेखी कळवून सुटता येतं, त्यासाठी दोन्हीकडे पैसे अडकवायची गरज नाही.

पत्र हातात आल्यावर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'प्रोव्हिजनल' किंवा 'कंडिशनल' लिहिलेलं असेल तर दचकू नका. शेवटच्या वर्षातल्या बहुतेक भारतीय मुलांना ते असंच येतं, कारण आठव्या सेमिस्टरचे गुण आणि पदवी अजून बाकी आहे. विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, निकाल लागल्या दिवशी अर्ज करा. आय-ट्वेंटीसाठी पासपोर्ट आणि पैशाचा पुरावा लागतो: बँकेचं पत्र किंवा कर्जाचं मंजुरीपत्र. ती कागदपत्रं पोर्टलवर चढवल्याशिवाय आय-ट्वेंटीचं काम सुरूच होत नाही, आणि आय-ट्वेंटीशिवाय व्हिसाची मुलाखत नाही. ॲडमिट येऊन महिना झाला तरी आय-ट्वेंटी नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कागदच दिलेले नसायचे.

दिलेला प्रवेश मागे घेतला जातो का, ही शंकाही हल्ली येते. २०२५ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन मेडिकल स्कूलने, जे सरकारी आहे, बायोमेडिकल पीएचडीच्या दिलेल्या जागा मागे घेतल्या. केंद्र सरकारच्या संशोधन निधीचा भरवसा राहिला नाही, हे कारण होतं. ते संकट निधीवर चालणाऱ्या जागांचं. स्वखर्चाचा एमएस विद्यापीठाला पैसे मिळवून देतो, त्यामुळे तिथे तसं व्हायचं कारण नाही. आरएशिपच्या भरवशावर बजेट मांडलं असेल तर मात्र फेरविचार करा.

धाकट्या मुलीचं गणित अगदी वेगळं आहे, आणि एका अर्थी सोपं. पदवीच्या प्रवेशाला तारखा पक्क्या असतात आणि निर्णय विभाग नव्हे, विद्यापीठाचं मध्यवर्ती प्रवेश कार्यालय घेतं. सरकारी विद्यापीठ मात्र आधी आपल्या राज्याचं पाहतं, हे इथे ठळक दिसतं. जॉर्जिया टेकमध्ये राज्यातल्या मुलांची अर्ली ॲक्शन, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांची, फेरी वेगळी असते आणि त्यांना डिसेंबरात कळतं. बाहेरच्यांचा निकाल त्यानंतर, जानेवारीच्या अखेरीकडे. टेक्सासमध्ये तर १९९७ पासून कायदाच आहे: शाळेत पहिल्या १० टक्क्यांत आलेल्या राज्यातल्या मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. ऑस्टिनला जागा पुरेनात म्हणून तिथे ही मर्यादा उतरत गेली आणि २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्क्यांवर आली. उरलेल्या जागांत बाकीचं सगळं जग.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज सर्व कॅम्पसना मिळून एकच. १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर हा नेहमीचा भरण्याचा काळ. प्रत्येक कॅम्पस आपापल्या दिवशी निकाल सोडतो, पण नव्याने येणाऱ्यांना ३१ मार्चपर्यंत कळलेलं असतं आणि त्यांनी १ मेपर्यंत होकार द्यायचा. तिथे सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण पाहतच नाहीत. नववीपासूनचे गुण तिने स्वतः अर्जात भरायचे, मार्कशीट प्रवेश घेतल्यानंतर मागतात. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, म्हणजे निर्णय झालेला असतो तेव्हा तिचे बारावीचे गुण कुणीच पाहिलेले नसतात. पण ते नंतर पाठवावे लागतात आणि घसरले तर प्रवेश अडतो, त्यामुळे मार्चमध्ये होकार आला तरी बोर्डाचा अभ्यास तिला करावाच लागेल.